समुद्री टाकीतला वाळूचा थर: किती जाड, कुठली वाळू, नंतर निगा कशी?

खारेपाणी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गोड्या पाण्यातल्या टाक्या बरीच वर्षं सांभाळल्यावर आता खाऱ्या पाण्याची टाकी लावतोय. पुण्यात राहतो. टाकी १२० × ४५ × ६० सेंमी. खाली सम्प (गाळणीची जोडटाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), वर दोन वेव्हमेकर (प्रवाह देणारे पंप), उन्हाळ्यासाठी पाणी थंड ठेवणारा चिलर. दगड कोरडे, कारखान्यात बनवलेले सच्छिद्र आहेत. प्रवाळांत फक्त सॉफ्ट कोरल (दगडी सांगाडा नसलेली) ठेवणार: झोआ, मशरूम, एखादं लेदर. मासे मोजके. क्लाउनफिशची जोडी, एक पिवळा रास (wrasse), आणि जमलं तर पिस्तुल कोळंबीबरोबर राहणारा गोबी.

बाकी सगळं ठरलंय, घोडं अडलंय ते वाळूपाशी. कुणी म्हणतं पाच इंच जाड थर घाल, नायट्रेटची चिंताच मिटेल. कुणी म्हणतं वाळू हवीच कशाला, काच उघडी ठेव. दुकानदार म्हणतात ही वाळू घातली की पीएच आपोआप राखला जातो. धुवायची की नाही यावरही दोन तट आहेत. ज्यांच्या टाक्या चार-सहा वर्षं नीट चालल्या आहेत त्यांनी सांगावं: किती जाड, कुठल्या कणाची, लावायची कशी आणि पुढे साफ करायची की हात लावायचा नाही?

---

जर्सीकर

खारेपाणी, स्वागत. वाळू घ्यायच्या आधी प्राण्यांची यादी केलीत हे उत्तम, कारण थराची जाडी त्या यादीवरूनच ठरते.

जाड थराची कल्पना कुठून आली ते थोडक्यात सांगतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया होतो. जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या कामाला प्राणवायू लागतो, त्यामुळे ते वाळूच्या वरच्या थरात, दगडांवर, काचेवर, सगळीकडे होतं. पण नायट्रेटचं पुढे नायट्रोजन वायूत रूपांतर करणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू जवळजवळ नसलेली जागा लागते. बारीक वाळूत काही सेंटिमीटर खाली गेलं की ती मिळते. मोनॅकोत झाँ झोबेर यांनी १९८०च्या दशकात जाळीवर वाळू आणि जाळीखाली पाण्याची पोकळी अशी रचना करून टाक्या चालवल्या. नंतर अमेरिकेत रॉन शिमेक या जीवशास्त्रज्ञांनी पोकळीशिवायच्या बारीक वाळूच्या जाड थराचा खूप पुरस्कार केला. दहा ते पंधरा सेंमी वाळू, आत असंख्य किडे, आणि सायफन (नळीने तळातला गाळ ओढून घेणं) कधीच लावायचा नाही. त्या काळात इथे अमेरिकेत घरोघरी असे थर होते.

ते चालत नव्हते असं मुळीच नाही. पण त्यांची अट कडक होती. आतले किडे आणि सूक्ष्म कवचधारी जिवंत राहिले पाहिजेत, कारण वरचा गाळ खाऊन, थर सतत थोडा थोडा हलवून वाळू मोकळी ठेवण्याचं काम तेच करतात. टाकीसारख्या छोट्या जागेत ही जीवसंख्या वर्षागणिक घटते. मग थर गाळाने भरतो. आज आपल्याकडे चांगले स्किमर आहेत, सच्छिद्र दगडांच्या पोटातही हेच नायट्रोजनचं काम चालतं. त्यामुळे नायट्रेटसाठी म्हणून जाड थर घालण्याचं कारण आता फारसं उरलेलं नाही.

तुमच्या यादीत रास आहे, तो रात्री वाळूत शिरून झोपतो. गोबी आणि कोळंबी बीळ करतात. म्हणजे काच उघडी ठेवता येणार नाही. चार ते पाच सेंमी, एवढंच घाला. आणि ते नियमित सायफन करा.

---

ठाणेकरीण

मी उघड्या तळाच्या बाजूची. गाळ दिसतो, पाणी बदलताना ओढून घेता येतो, वेव्हमेकर हवा तेवढा जोरात चालवता येतो. पण जर्सीकरांचं म्हणणं मान्य आहे. पिवळा रास घ्यायचा तर वाळू हवीच. उघड्या काचेवर तो रात्रभर अस्वस्थ राहतो, तळाशी घासून तोंडाला इजा करून घेतो. प्राण्याची गरज आधी, आपली सोय नंतर.

फक्त एक कळकळीचं: सात-आठ सेंमीच्या मधल्या वाटेला जाऊ नका. तो थर नीट सायफन होण्याइतका पातळ नसतो आणि जाड थराचं काम करण्याइतका खोलही नसतो. बहुतेकांच्या टाकीत वाळू अशीच पडते, कारण पिशव्या आणलेल्या असतात आणि उरलेली फेकवत नाही.

---

खारेपाणी

दोघांचे आभार. म्हणजे पाच सेंमी. आता किती किलो आणि कुठली? एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात, गुहागर-मालवणकडे चक्कर होतेच, तिथली चाळून आण.

---

मालवणी_हुमण

खारेपाणी, किनाऱ्यावरची वाळू कृपया आणू नका. मी सिंधुदुर्गातली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कायदा. किनारपट्टी नियमन क्षेत्रातून वाळू आणि खडक काढण्यावर निर्बंध आहेत, आणि मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी आपली वाळू रीफ (प्रवाळांच्या) टाकीला योग्य नाही. कोकण किनाऱ्यावरची बरीचशी वाळू सह्याद्रीच्या आणि किनाऱ्यालगतच्या खडकांची झीज होऊन आलेली आहे. त्यात क्वार्ट्झ, शिंपल्यांचे तुकडे आणि जड काळी खनिजं असतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटचे साठे आहेत. रेडीला लोहखनिजाच्या खाणी आहेत. या काळ्या कणांमध्ये लोह असतं, काही कण चुंबकाला चिकटतात. वेव्हमेकरच्या रोटरमध्ये (फिरणाऱ्या भागात) चुंबक असतो. असे कण आत गेले की रोटर आणि त्याची बैठक घासून खराब होते. शिवाय किनाऱ्यावर बोटींचं तेल, सांडपाणी, काय काय मुरलेलं असतं ते धुऊन जात नाही.

रीफमधली पांढरी वाळू वेगळ्याच गोष्टींची असते. लक्षद्वीपच्या खाजणात पांढराशुभ्र तळ दिसतो तो प्रवाळाचा चुरा, हॅलिमेडा नावाच्या चुनखडी शेवाळाचे तुकडे, फोरामिनिफेराची सूक्ष्म कवचं यांचा. पॅरटफिश प्रवाळाचा दगड चावून त्यावरचं शेवाळ खातो आणि दगडाची भुकटी मागून टाकतो. मोठा पॅरटफिश वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो! तिथूनही अर्थातच काही उचलायचं नसतं.

टाकीसाठी ॲरागोनाइट वाळू घ्यायची. ॲरागोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं स्फटिकरूप, दगडी प्रवाळाचा सांगाडा त्याचाच असतो. बाजारात मिळणारी बरीचशी बहामाच्या उथळ समुद्रातली असते. तिथे चुनखडी थेट पाण्यातून कणांवर चढत जाते आणि बारीक गोल दाणे तयार होतात.

आणि दुकानदारांचं ते पीएचचं म्हणणं: समुद्राच्या पाण्याचा पीएच ८ ते ८.३ असतो, त्या पाण्यात ॲरागोनाइट विरघळत नाही. ते पाणी आधीच चुनखडीने अतिसंपृक्त असतं. कॅल्शियम रिॲक्टरमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच साडेसहाच्या आसपास आणतात, तेव्हा कुठे ते विरघळायला लागतं. तेव्हा वाळूवर विसंबून केएच (पाण्याची क्षारता) तपासणं सोडू नका.

---

जर्सीकर

उत्तम प्रतिसाद, मालवणीताई. रोटरचा मुद्दा इथल्याही अनेकांना माहीत नसतो.

---

अणुरेणू

वजनाचा हिशोब देतो. टाकीचा तळ १२० × ४५, म्हणजे ५४०० चौरस सेंमी. एक सेंमी जाडीला ५.४ लिटर वाळू. कोरडी ॲरागोनाइट साधारण दीड किलो प्रति लिटर भरते, म्हणजे सेंमीला आठ किलो. पाच सेंमीला चाळीस. दगडांच्या बुडाखालची जागा वजा जाता पस्तीस किलो पुष्कळ झाली. (हाच थर बारा सेंमीचा केला तर शंभर किलोच्या घरात जातो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हाही विचार करावा.)

कणाचा आकार अर्धा ते दीड मिलिमीटर, बारीक रव्यापासून जाड रव्यापर्यंत. याहून बारीक, म्हणजे पाव मिलिमीटरची ओलाइट (वर सांगितलेली गोल दाण्यांची वाळू) दिसायला सुरेख, पण वेव्हमेकर जरा वळला की उडून झोआंवर बसते आणि एका कोपऱ्यात काच उघडी पडते. तीन-पाच मिलिमीटरचा प्रवाळचुरा उलट, त्याच्या फटींत अन्नाचे कण पडतात आणि तिथेच कुजतात. रासलाही त्यात शिरताना अंग खरचटतं. पिस्तुल कोळंबीसाठी मात्र या जाड चुऱ्याचे दोन-तीन मूठ तुकडे एका दगडाच्या पायथ्याशी मिसळून ठेवा. निव्वळ बारीक वाळूत तिचं बीळ ढासळतं, तुकडे असले की ती छताला ते लावते.

आता लावणं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी दगड थेट काचेच्या तळावर, पक्के, हाताने हलवून पाहा. वाळू नंतर. वाळूवर दगड रचले तर कोळंबी आणि गोबी खालची वाळू उपसतात आणि दगड खचतो. खाली मासा असला तर मासा जातो, काचेवर पडला तर टाकी जाते. काचेला ओरखडा पडेल अशी भीती असेल तर दगडाखाली पातळ ॲक्रिलिकचे तुकडे ठेवा.

धुण्याबद्दल: कोरडी वाळू धुवायचीच. बादलीत चार-पाच किलो घ्या, नळाचं पाणी जोरात सोडा, हाताने ढवळा, वरचं दुधाळ पाणी ओता. पाणी बऱ्यापैकी नितळ होईपर्यंत हे चालू ठेवा, शेवटचं धुणं आरओ-डीआयच्या (क्षार काढून टाकलेल्या) पाण्यात. कंटाळवाणं काम आहे, खांदे दुखतात, पण इथे घाई केली तर ती पांढरी पूड पुढे कित्येक महिने प्रत्येक धक्क्याला उठत राहते आणि दगडांवर, काचेवर, पंपांत बसते. पाकिटात ओली येणारी 'जिवंत' वाळू न धुता घाला असं उत्पादक सांगतात. त्यात जिवाणू असतात हे खरं, पण तुम्ही बाटलीतले जिवाणू वापरणारच असाल तर कोरडी आणि धुतलेली वाळू पुरेशी आहे.

वाळू टाकीत उतरवायला मोठा पीव्हीसी पाइप वापरा. पाइपाचं टोक तळाशी, वरून मग्याने वाळू सोडायची, म्हणजे ती हवी तिथेच पडते. पाणी भरताना वाळूवर एक ताटली ठेवा आणि धार तिच्यावर सोडा. मीठ आधीच बाहेर ड्रममध्ये मिसळून, विशिष्ट गुरुत्व २५ अंशांना १.०२६ करून घेतलेलं बरं. पहिल्या दिवशी पाणी ढगाळ होणारच. सम्पमध्ये फिल्टरचा कापूस लावा, तो भरला की बदला.

वेव्हमेकर वाळूपासून किमान पंधरा सेंमी वर, तोंड किंचित वरच्या दिशेला. काही दिवस रोज बघा वाळू कुठे सरकते आणि त्याप्रमाणे कोन बदला. हे कोन नीट जमले की पुढची अर्धी निगा सोपी होते, कारण जिथे प्रवाह मरतो तिथेच गाळ बसतो.

---

झोआवेडी

अणुरेणूंच्या प्रतिसादात एक भर. वाळूतलं खरं धन म्हणजे त्यातले किडे आणि सूक्ष्म कवचधारी: कोपेपॉड, ॲम्फिपॉड, लांब दोऱ्यांसारखे हात पसरणारे टेरेबेलिड किडे, लहान ब्रिसलवर्म. कोरड्या वाळूत आणि कोरड्या दगडांत यांपैकी काहीच नसतं. टाकी अमोनिया-नायट्राइटच्या टप्प्यातून गेली की जुन्या, निरोगी टाकीतली एक वाटी वरची वाळू आणून पसरा. एका वाटीतून काही महिन्यांत सगळा थर जिवंत होतो. आणताना देणाऱ्याच्या टाकीत एप्टेसिया (झपाट्याने पसरणारं उपद्रवी ॲनिमोन) किंवा झोआ खाणारी गोगलगाय नाही ना, ते विचारून घ्या.

मी कोथरूडला असते. खारेपाणी, तुम्हाला हवी तर माझ्याकडची वाटी तुमची.

---

खारेपाणी

नक्की हवी! व्यक्तिगत निरोप (व्यनि) करतो.

आता मुख्य धास्ती निगेची. सायफन किती वेळा, कसा? आणि जिवाणू धुऊन जाणार नाहीत का?

---

ठाणेकरीण

जिवाणू कणाला चिकटून असतात, सायफनने जातो तो सुटा गाळ. पाच सेंमीच्या थराला बिनधास्त सायफन लावा, पण एका वेळी पूर्ण तळ नको. तळाचे मनात तीन भाग करा आणि दर आठवड्याच्या पाणीबदलात एकच भाग घ्या. तुमच्या टाकीला आठवड्याला तीस-पस्तीस लिटर बदल पुरेल, तेवढ्या पाण्यात एक भाग आरामात होतो. नळी बारीक, मधे बोटाने दाबायची. रुंद तोंड वाळूत खुपसलं की कण वर चढतात, नळी दाबली की कण खाली पडतात आणि हलका गाळ पाण्याबरोबर बादलीत जातो. दोन-तीनदा केलं की हात बसतो.

दगडांच्या बुडाखालची वाळू छेडू नका. कोळंबीचं बीळ सोडून द्या. आणि संध्याकाळी उशिरा कधीच नको, रास तेव्हा वाळूत असतो.

अजून एक, वीज. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते ती तासन्‌तास. पंप थांबले की वाळूतले आणि दगडांतले सगळे जीव प्राणवायू वापरत राहतात, नवीन मात्र मिसळत नाही, आणि पीएच उतरायला लागतो. थर जितका जाड आणि गाळाने भरलेला, तितकी ही घसरण जलद. एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घ्याच, तोंड पाण्याच्या पृष्ठभागाकडे. बॅटरीवरचा एअर पंपही घरात असू द्या.

---

दुबईस्थ

निगेच्या चर्चेत फॉस्फेटचा मुद्दा कुणी घेतला नाही, म्हणून लिहितो.

ॲरागोनाइटच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटतं. टाकीत फॉस्फेट वाढलेलं असताना वाळू आणि दगड ते धरून ठेवतात. पुढे तुम्ही लोहयुक्त फॉस्फेट-शोषक लावून पाण्यातलं कमी केलं की तेच फॉस्फेट वाळूतून पुन्हा सुटतं. त्यामुळे शोषक घालूनही आठवडेच्या आठवडे आकडा हलत नाही आणि लोक मात्रा वाढवत बसतात. मात्रा वाढवू नका. हळूहळू, सातत्याने उतरवा. सॉफ्ट कोरलसाठी फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम आणि नायट्रेट ५ ते १० असलं तरी काही बिघडत नाही. दोन्ही शून्यावर नेऊन ठेवण्याची धडपड मात्र टाकीच्या मुळावर येते.

दुसरं, वाळू दगडासारखी घट्ट होणं. केएच १२च्या वर, मॅग्नेशियम कमी, आणि त्यात चुन्याची निवळी भराभर पडली की चुनखडी वाळूच्या कणांवरच बसते आणि कण एकमेकांना जोडले जातात. बोटाने दाबलं की कवच लागतं. केएच ८-९, कॅल्शियम ४००-४५०, मॅग्नेशियम १२५०-१३५० या पट्ट्यात ठेवलं तर हा प्रकार सहसा होत नाही. झालाच तर रोज थोडा भाग हाताने फोडायचा, सगळा एकदम नाही.

---

निवांत

नवीन टाकीत वाळूवर तपकिरी थर आलाय. सायफन करतो, दोन दिवसांत परत येतो. हे डायटम (निरुपद्रवी सूक्ष्म शेवाळ) की डायनो (डायनोफ्लॅजेलेट, उपद्रवी सूक्ष्मजीव)? फोटो टाकतो संध्याकाळी.

---

झोआवेडी

निवांत, फोटोवरून सांगणं कठीण असतं, तुम्ही घरीच चाचणी करा. तो तपकिरी थर पाण्यासकट एका बाटलीत घ्या आणि जोरात हलवून विस्कटा. मग कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा. गाळून आलेलं पाणी स्वच्छ काचेच्या पेल्यात दिव्याखाली तासभर ठेवा. कण परत एकत्र येऊन चिकट तंतू झाले तर डायनोफ्लॅजेलेट असण्याची शक्यता मोठी.

डायटम असतील तर जवळजवळ काही करायचं नाही. नव्या टाकीत ते पहिल्या काही आठवड्यांत येतातच, सिलिकेट संपलं की ओसरतात. आरओ-डीआयचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शून्य आहे ना ते बघा, पुण्यातल्या बोअरच्या पाण्यावर डीआयची रेझिन लवकर संपते.

डायनो असतील तर आधी नायट्रेट आणि फॉस्फेट मोजा. दुबईस्थांनी वर म्हटलं तेच: दोन्ही शून्यावर गेली की डायनोंना मोकळं रान मिळतं. अन्न वाढवा, फॉस्फेट-शोषक काढा, पाणीबदल काही दिवस थांबवा. पुढचं कुठली जात आहे त्यावर आहे. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगतो, त्याला यूव्ही दिवा लागू पडतो. ॲम्फिडिनियमच्या मोठ्या पेशींची जात वाळूतच राहते, पाण्यात येत नाही, तिथे यूव्हीचा उपयोग होत नाही. तिच्यासाठी लोक मुद्दाम सिलिकेट घालून डायटम वाढवतात, म्हणजे जागेसाठी स्पर्धा होते. शाळेत असतो तसला साधा सूक्ष्मदर्शकही जात ओळखायला पुरतो. औषध ओतण्याआधी एवढं करावंच.

आणि थर लालसर, मखमली, पापुद्र्यासारखा उचलला जाणारा असेल तर तो सायनोबॅक्टेरिया. तो ओढून काढा, तिथला प्रवाह वाढवा. त्यावर प्रतिजैविकं मिळतात, पण सायनो एकदम मेला की पाण्यातला प्राणवायू झपकन उतरतो. म्हणून तो माझ्या दृष्टीने शेवटचा उपाय.

---

निवांत

आभारी आहे. फॉस्फेट मोजलं, ०.०० दाखवतंय. शोषक काढून टाकतो आणि तंतूंची चाचणी करतो.

---

खारेपाणी

वाळू साफ ठेवणारे प्राणी कुठले घ्यावेत? दुकानात चांदणी मासा (स्टारफिश) आणि समुद्री काकडी सुचवतात.

---

जर्सीकर

वाळू चाळणारी चांदणी नको. ॲस्ट्रोपेक्टन. ती गाळ खात नाही, वाळूतले जीव खाते. म्हणजे झोआवेडींच्या वाटीतून जे आलं ते सगळं ती फस्त करणार आणि मग उपासमारीने टाकीतच हळूहळू मरणार. चार फुटी टाकीत तिला पुरेल एवढं अन्न नसतं. विकतात सर्रास, पण हा प्राण्यावर अन्याय आहे.

नसेरियस गोगलगायी घ्या. त्या वाळूत पुरून असतात, अन्नाचा वास आला की सोंड वर काढून बाहेर पडतात. वाळू आपोआप ढिली राहते. शेवाळ मात्र त्या खात नाहीत, त्यासाठी सेरिथ गोगलगायी. सेरिथ वाळूतही शिरतात आणि काचही घासतात. एखादा कोंच (मोठी गोगलगाय) पृष्ठभागावरचा पापुद्रा चांगला खातो, पण या आकाराच्या टाकीत एकच.

तोंडात वाळू घेऊन कल्ल्यांतून सोडणारा डायमंड गोबी पाहायला फार देखणा, वाळू लखलखीत ठेवतो. पण तो नव्या टाकीत टिकत नाही, वाळूतलं अन्न संपलं की रोडावतो. तुमची टाकी वर्षभर जुनी झाल्यावर आणि तो दुकानात गोठवलेलं अन्न खाताना स्वतः पाहिल्यावरच आणा. रास काय, गोबी काय, दोघेही उड्या मारतात, वरून जाळीचं झाकण हवं.

---

मालवणी_हुमण

समुद्री काकडीबद्दल: भारतात राहणाऱ्यांनी घेऊ नये. २००१ मध्ये सगळ्या समुद्री काकड्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत घातल्या गेल्या, दगडी प्रवाळही त्याच वेळी. वाघाला आहे त्या अनुसूचीतलं संरक्षण त्यांना आहे. दुकानात ठेवलंय म्हणजे कायदेशीर आहे असं समजू नका. रीफवरून काढलेल्या 'लाइव्ह रॉक'चंही तेच, तो शेवटी प्रवाळाचाच सांगाडा. खारेपाणींनी बनवलेले कोरडे दगड घेतले याचा मला मनापासून आनंद झाला.

शिवाय काही जातींची काकडी टाकीत घाबरली किंवा पंपात अडकली तर विष सोडते आणि एका रात्रीत सगळे मासे दगावू शकतात.

समुद्राचा तुकडा घरात ठेवायची इच्छा मी समजू शकते, मलाही ती आहे. पण मालवणच्या पाण्यात आधीच तापमानवाढीने प्रवाळ पांढरे पडताना लोकांनी पाहिलेत. आपल्या हौसेची किंमत तिथल्या तळाने मोजू नये.

---

अणुरेणू

+१. शब्दाशब्दाला.

---

पाणवठा

जरा वेगळा प्रश्न, पण विषय वाळूचाच. पुढच्या महिन्यात घर बदलतोय. टाकी चार वर्षांची, थर दहा सेंमीचा, कधी सायफन केलेला नाही. काचेच्या बाजूने खाली काळे पट्टे दिसतात. ही वाळू तशीच नव्या घरी लावता येईल का? दगड आणि मासे न्यायचे आहेतच.

---

जर्सीकर

पाणवठा, तशीच अजिबात नको. या धाग्यातली हीच जागा आहे जिथे मासे खरोखर जातात.

काळे पट्टे म्हणजे लोहाचं सल्फाइड. जिथे प्राणवायू नाही आणि नायट्रेटही संपलंय, तिथे जिवाणू पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो थर स्थिर असेपर्यंत वायू वर येता येता वरच्या थरात नष्ट होतो, म्हणून टाकी चार वर्षं ठीक चालली. थर उपसला की तो वायू, कुजलेल्या गाळातला अमोनिया आणि साठलेलं फॉस्फेट एकाच वेळी पाण्यात येतं. सडक्या अंड्यांचा वास आला तर समजा की वेळ थोडा आहे.

क्रम असा ठेवा. आधी स्वच्छ पाणी वरून काढून ड्रममध्ये भरा, तळ ढवळला जाण्याआधी. मग मासे आणि कोरल त्या पाण्यात वेगळ्या डब्यांत, एअर पंपासह. मग दगड, तेही त्याच पाण्यात बुडवून, सुकू न देता. तुमचे जिवाणू मुख्यतः दगडांत आहेत, दगड ओले राहिले तर टाकी सावरते. वाळू अगदी शेवटी, खिडक्या उघड्या ठेवून. हायड्रोजन सल्फाइड माणसालाही अपायकारक असतो, बंद खोलीत तोंड टाकीत घालून काम करू नका. तळाचं पाणी टाकून द्यायचं.

---

ठाणेकरीण

आणि नव्या घरी नवी वाळू, चार-पाच सेंमी. जुनी ठेवायचीच असेल तर नळाखाली खळखळून, वास आणि रंग पूर्ण जाईपर्यंत धुवा. ती मग फक्त वाळू असते, जिवंत थर नव्हे. हलवाहलव सुरू करण्याआधी, अगदी वरचा एक सेंमीचा स्वच्छ पापुद्रा वाटीभर वेगळा काढून ठेवा, तोच नव्या थरावर पसरा. नवीन जागी पहिले दोन आठवडे अमोनिया रोज तपासा आणि अन्न निम्मं करा.

---

पाणवठा

बरं झालं विचारलं. माझा बेत मासे काढून सगळी वाळू बादल्यांत भरून न्यायचा होता. नवी मागवतो. घरी पोचल्यावर टाकी त्याच दिवशी लावावी की मासे एक रात्र ड्रममध्ये ठेवावेत?

---

अणुरेणू

एक रात्र ड्रममध्ये. हीटर गरज असेल तर, एअर पंप मात्र नक्की, झाकण सैल. नवी वाळू घालून पाणी नितळ होईपर्यंत आणि अमोनिया शून्य दिसेपर्यंत मासे सोडू नका. ड्रममधलं पाणीही सकाळी तपासा, मासे तिथेही अमोनिया सोडतातच. घरात अमोनिया बांधून ठेवणारं द्रावण असू द्या.

---

खारेपाणी

मंडळी, वाळू आली. अर्धा ते दीड मिलिमीटर, पस्तीस किलो. कोळंबीसाठी दोन मुठी जाड चुरा वेगळा. दगड तळावर बसवून झाले, खाली ॲक्रिलिकचे तुकडे लावले. आज बाल्कनीत धुण्याचं काम चालू आहे, पाणी अजून दुधाळच येतंय. पुढच्या काचेला वाळूच्या उंचीएवढी काळी पट्टी बाहेरून लावायचा विचार आहे, म्हणजे काचेलगतच्या वाळूवर उजेड पडून हिरवट-जांभळे थर वाढणार नाहीत. चालेल ना?

---

ठाणेकरीण

चालेल. फक्त एका कोपऱ्यात चार बोटं जागा पट्टीशिवाय ठेवा. वाळूच्या आत किडे किती झाले, बिळं कुठवर गेली, कुठे काळं पडतंय का, हे तिथूनच कळतं.